गावातच कॉलेज: कॅनडातल्या मूलनिवासी विद्यार्थ्यांचं बारावीनंतरचं शिक्षण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात स्थायिक झालेली मराठी मंडळी आणि महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत शिक्षणाचं काम करणारी माणसं, दोन्हींकडून या विषयावर प्रश्न येत असतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली जास्त आहेत, कारण समाजाने स्वतः चालवलेल्या शिक्षणसंस्थांचे इतके वेगवेगळे नमुने तिथे एकत्र पाहायला मिळतात.

मूलनिवासी म्हणजे नेमके कोण? सगळे एकाच समाजाचे का?

नाही. कॅनडाच्या 1982 च्या राज्यघटना कायद्यात, कलम 35 मध्ये, तीन समूह मानलेले आहेत: फर्स्ट नेशन्स (कायद्याच्या भाषेत अजूनही ‘इंडियन’), इन्युइट आणि मेटी. इन्युइट हे आर्क्टिक प्रदेशातले. मेटी हा फर व्यापाराच्या काळात युरोपीय पुरुष आणि मूलनिवासी स्त्रिया यांच्या संसारांतून उभा राहिलेला, स्वतःची भाषा आणि इतिहास असलेला समाज. 2021 च्या जनगणनेत या तिघांची मिळून संख्या सुमारे 18 लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या 5 टक्के होती.

एकट्या ब्रिटिश कोलंबियात सुमारे 200 फर्स्ट नेशन्स आहेत आणि त्यांच्या 30 हून अधिक भाषा आहेत. सरकारी कागदांवर पूर्वी ‘ॲबोरिजिनल’ लिहायचे, आता बहुधा ‘इंडिजिनस’ लिहितात. पण माणसाला विचारलंत तर तो स्वतःच्या राष्ट्राचं नाव सांगतो: मी निस्गा, मी सीइल्क्स, मी हायडा, मी क्री. त्यामुळे ‘मूलनिवासी विद्यार्थ्यांना काय हवं असतं?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. शिक्षण समाजाच्या हातात असावं ही मागणी मुळात त्यासाठीच आहे.

समुदायाधारित उच्च शिक्षण म्हणजे गावात भरणारा वर्ग, एवढंच ना?

वर्ग गावात भरतो हे खरं, पण महत्त्वाचे प्रश्न त्याच्या पुढचे आहेत. कोणता अभ्यासक्रम आणायचा हे कोणी ठरवलं? प्राध्यापक कोणी निवडला? वेळापत्रक कोणाच्या सोयीचं आहे? आलेल्या पैशाचा हिशेब कोणाच्या हातात आहे?

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे शहरातलं एखादं सरकारी कॉलेज आपला शिक्षक आणि आपला अभ्यासक्रम घेऊन गावातल्या सभागृहात येतं, ठरलेला काळ शिकवतं आणि परत जातं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे गावाचं स्वतःचं अध्ययन केंद्र. गरज तिथली माणसं सांगतात, कॉलेजशी करार करतात आणि विद्यार्थी निवडण्यापासून त्यांच्या मुलांच्या पाळणाघरापर्यंत सगळं स्वतः पाहतात. तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण संस्थाच समाजाची. संचालक मंडळ समाजाचं, प्राचार्य समाजाला उत्तरदायी आणि विद्यापीठ हे फक्त भागीदार.

तिन्ही प्रकारांनी माणसं शिकली आहेत आणि पहिल्या प्रकारालाही मी कमी लेखणार नाही, कारण काही गावांत त्याखेरीज दुसरं काहीच पोहोचलेलं नाही. तरी माझं मत स्पष्ट आहे: निर्णय समाजाच्या हातात आला की शिक्षण टिकतं. नुसता वर्ग गावात आला तर तो निधी संपला की निघून जातो.

शहरांत चांगली विद्यापीठं आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. मग विद्यार्थ्यांनी तिथे का जाऊ नये?

जातात की! पुष्कळ जातात आणि उत्तम शिकतात. पण प्रत्येकाला जाता येत नाही, आणि न जाण्यामागे आळस किंवा भीती असते असं मानणं अन्यायाचं आहे.

निस्गा राष्ट्राची गावं नास नदीच्या खोऱ्यात, अलास्काच्या सीमेजवळ आहेत. तिथून प्रिन्स जॉर्जच्या विद्यापीठापर्यंत रस्त्याने साधारण सात-आठ तास लागतात, हिवाळ्यात बर्फ असेल तर त्याहून जास्त. शिकू इच्छिणारी व्यक्ती अठरा वर्षांचीच असते असंही नाही. अशा वर्गांत तिशी-चाळिशीतली माणसं बरीच दिसतात आणि त्यांत बायका अधिक. घरी लहान मुलं आहेत, आजीला औषध द्यायचं आहे, बँड कौन्सिलच्या (बँड म्हणजे सरकारी नोंदीतला फर्स्ट नेशन्सचा स्थानिक समुदाय) कार्यालयात अर्धवेळ नोकरी आहे. अशा बाईने चार वर्षांसाठी बिऱ्हाड हलवायचं म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेली सगळी माणसं वाऱ्यावर सोडायची.

शहरात घरभाडं परवडत नाही. मूलनिवासी चेहरा पाहून घर नाकारणारे घरमालक आणि दुकानात मागे मागे फिरणारे सुरक्षारक्षक हे अनुभव शहरातल्या मूलनिवासी विद्यार्थ्यांनी वारंवार सांगितलेले आहेत. शिवाय वर्षाचं चक्रही वेगळं असतं. हिवाळा सरता सरता नास नदीत ऊलिकन नावाचा छोटा मासा येतो, त्याचं तेल काढण्यासाठी माणसं नदीकाठी मुक्कामाला जातात. उन्हाळ्यात साल्मन येतो. हे वर्षभराचं अन्न आहे आणि पुढच्या पिढीला नदी शिकवण्याचीही हीच वेळ. शहरातल्या विद्यापीठाच्या वेळापत्रकात याला जागा नाही. गावातल्या संस्थेला तो आठवडा मोकळा ठेवता येतो किंवा त्यालाच अभ्यासक्रमाचा भाग करता येतं.

निवासी शाळांचा उल्लेख सतत का होतो? त्या तर बंद झाल्या ना?

बंद झाल्या, पण त्यांत शिकलेली माणसं आजही हयात आहेत. आज कॉलेजात जाणाऱ्या मुलीची आजी, कधी आईसुद्धा, त्या शाळेत होती.

एकोणिसाव्या शतकापासून कॅनडा सरकारने चर्चच्या मदतीने या शाळा चालवल्या. 130 हून अधिक शाळा होत्या आणि सुमारे दीड लाख मुलं त्यांत गेली, अनेकदा आईबापांकडून जबरदस्तीने काढून नेलेली. केस कापले जायचे, स्वतःची भाषा बोललं की शिक्षा व्हायची. उपासमार, मारहाण आणि लैंगिक अत्याचार झाले, हजारो मुलं तिथेच मेली. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शेवटच्या शाळा 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाल्या. 2021 च्या मे महिन्यात ब्रिटिश कोलंबियातल्या कॅमलूप्स इथे जुन्या निवासी शाळेच्या आवारात, जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारच्या आधारे, बेनाव कबरी असण्याची शक्यता जाहीर झाली आणि सगळा देश हादरला. मूलनिवासी कुटुंबांना मात्र ही गोष्ट आधीपासून माहीत होती. न परतलेल्या भावंडांची नावं त्यांच्या घरांत घेतली जात होती.

उच्च शिक्षणाचा इतिहासही निर्मळ नाही. 1876 च्या ‘इंडियन ॲक्ट’मध्ये अशी तरतूद होती की विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या, डॉक्टर, वकील किंवा पाद्री होणाऱ्या मूलनिवासी माणसाचा ‘इंडियन’ म्हणून असलेला कायदेशीर दर्जा जाऊ शकत असे. म्हणजे शिकलात तर तुम्ही आपल्या समाजाचे उरणार नाही. पदवी आणि समाज यांतलं एक निवडा, असं राज्याने लेखी सांगितलेलं होतं.

हा सगळा भूतकाळ डोक्यात ठेवला की ‘मुलांना शिकायला दूर पाठवा’ हा साधा वाटणारा सल्ला तिथल्या घरात कसा ऐकू येत असेल हे लक्षात येतं. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 मध्ये आपलं काम पूर्ण करताना 94 आवाहनं केली. त्यांतलं अकरावं आवाहन थेट आपल्या विषयाचं आहे: उच्च शिक्षणासाठी निधीच्या रांगेत ताटकळणाऱ्या फर्स्ट नेशन्स विद्यार्थ्यांची रांग संपेल इतके पैसे केंद्राने द्यावेत. सोळाव्यात मूलनिवासी भाषांमध्ये पदवी आणि पदविका अभ्यासक्रम सुरू करण्याचं आवाहन आहे.

मग समाजाच्या स्वतःच्या संस्था उभ्या कशा राहिल्या?

भांडून. अल्बर्टा प्रांतात सेंट पॉल गावाजवळ ब्लू क्विल्स नावाची निवासी शाळा होती. सरकारने ती बंद करून मुलांना गावातल्या शाळांत पाठवायचं ठरवलं, तेव्हा 1970 च्या उन्हाळ्यात पालकांनी त्या इमारतीत ठाण मांडलं. मुलाबाळांसह, म्हाताऱ्या माणसांसह तिथे राहिले. तिथेच रांधलं, तिथेच प्रार्थना केल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की शाळा बंद करू नका, आमच्या ताब्यात द्या. सरकारला अखेर मान्य करावं लागलं. कॅनडात मूलनिवासी समाजाने स्वतः चालवायला घेतलेली ती पहिली निवासी शाळा. पुढे तिथे कॉलेजचे वर्ग सुरू झाले आणि आज सात फर्स्ट नेशन्सच्या मालकीचं ते विद्यापीठ आहे. ज्या इमारतीत क्री आणि डेने बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे, त्याच ठिकाणी आज त्या भाषा शिकवल्या जातात. या विषयातली इतकी हिंमत देणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

1972 मध्ये ‘नॅशनल इंडियन ब्रदरहुड’ या राष्ट्रीय संघटनेने ‘इंडियन कंट्रोल ऑफ इंडियन एज्युकेशन’ हा धोरण-दस्तऐवज मांडला. आमच्या मुलांच्या शिक्षणावर आईवडिलांचा हक्क आणि स्थानिक नियंत्रण, ही त्याची दोन सूत्रं. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने तो तत्त्वतः स्वीकारला. तत्त्वतः स्वीकारणं आणि पैसे देणं यांत पुढे अनेक दशकं गेली, पण पाया घातला गेला. 1976 मध्ये सस्कॅचवानमध्ये इंडियन फेडरेटेड कॉलेज निघालं, तीच आजची फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी ऑफ कॅनडा. 1980 मध्ये त्याच प्रांतात मेटी समाजाची गॅब्रिएल ड्युमाँ संस्था आली. 1985 मध्ये ओंटारिओत टायेंडिनागा मोहॉक प्रदेशात फर्स्ट नेशन्स टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, तिथे तर वैमानिकांचं प्रशिक्षणही मिळतं.

ब्रिटिश कोलंबियात मेरिट इथे निकोला खोऱ्यातल्या पाच बँडनी मिळून 1983 मध्ये निकोला व्हॅली इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी काढली. 1995 मध्ये तिला प्रांताने सार्वजनिक संस्थेचा दर्जा दिला. निस्गांनी 1993 मध्ये गिटविन्क्सिल्क गावात विल्प विलक्सोओस्क्व्ल निस्गा ही संस्था उभी केली. तिथे नॉर्दर्न ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाशी भागीदारी करून विद्यापीठाचे अभ्यासक्रम खोऱ्यातच शिकवले जातात.

तिथे शिकवतात काय? फक्त भाषा आणि संस्कृती?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. शाळा अर्धवट राहिलेल्या प्रौढांसाठी मूलभूत शिक्षण (ब्रिटिश कोलंबियात हे 2017 पासून पुन्हा निःशुल्क आहे), बालवाडी शिक्षिका, रुग्णसेवा सहाय्यक, समाजकार्य, सुतारकाम, वेल्डिंग, वीजकाम, कार्यालयीन हिशेब, वनं आणि मत्स्यसंपदा यांचं व्यवस्थापन असे अनेक अभ्यासक्रम असतात. गावाला जी माणसं लागतात ती तयार करायची, हा विचार त्यामागे असतो.

निस्गांचं उदाहरण पुन्हा घेऊ. 11 मे 2000 रोजी त्यांचा केंद्र आणि प्रांत सरकारांशी झालेला करार अमलात आला आणि त्यांना स्वतःचं शासन मिळालं. कायदे करायचे, जमिनीच्या नोंदी ठेवायच्या, मासेमारीचं नियोजन करायचं, आरोग्यसेवा चालवायची. या प्रत्येक कामाला शिकलेली माणसं लागतात. ती बाहेरून भाड्याने आणली तर स्वशासन नावापुरतं राहतं. म्हणून त्या खोऱ्यात शिक्षणसंस्था ही शासनाइतकीच गरजेची होती, आणि ती कराराच्या आधीच उभी होती ही त्या समाजाची दूरदृष्टी.

आता भाषेकडे येऊ, कारण तो सर्वांत नाजूक धागा आहे. अनेक भाषांचे अस्खलित बोलणारे आता मोजकेच आणि वयोवृद्ध उरले आहेत. ओकानागन खोऱ्यातल्या सीइल्क्स लोकांनी पेंटिक्टनच्या एनाउकिन केंद्रात ज्येष्ठांच्या मदतीने भाषेचे वर्ग वर्षानुवर्षं चालवले. त्यातूनच पुढे निकोला व्हॅली संस्था आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं ओकानागन आवार यांच्यासोबत त्यांच्या भाषेत अस्खलित होण्याची पूर्ण पदवी तयार झाली. तिची पहिली तुकडी 2023 मध्ये बाहेर पडली. त्या पदवीधरांतले जे शिक्षक होतील ते अशा मुलांना शिकवतील, ज्यांच्या आजोबांना ही भाषा बोलल्याबद्दल मार बसला होता.

ही पदवी बाहेर चालते का?

चालते. पदवी आणि क्रेडिट बहुधा भागीदार विद्यापीठाचेच असतात, त्यामुळे ते दुसरीकडे वळवता येतात. निकोला व्हॅलीसारख्या सार्वजनिक संस्था स्वतः प्रमाणपत्रं आणि पदविका देतात. सुतारकाम, वीजकाम यांसारख्या कौशल्यांत परीक्षा प्रांताच्या आणि ‘रेड सील’च्या, म्हणजे देशभर चालणाऱ्या मानकांच्या असतात. गावात शिकला म्हणून परीक्षा सोपी नसते.

पण या व्यवस्थेला एक काटेरी बाजू आहे. अभ्यासक्रम समाजाने उभा करायचा, विद्यार्थी समाजाने आणायचे, रात्री अपरात्री आधार समाजाने द्यायचा, आणि पदवीवर नाव दुसऱ्याचं. भागीदार विद्यापीठात प्रशासन बदललं की करार पुन्हा वाटाघाटीला येतो. ओंटारिओने 2017 मध्ये वेगळा कायदा करून मूलनिवासी संस्थांना उच्च शिक्षणाचा स्वतंत्र स्तंभ मानलं आणि स्वतःच्या मान्यता व्यवस्थेतून त्यांनाच पदव्या देण्याचा मार्ग खुला केला. ब्रिटिश कोलंबियाने 2024 मध्ये कायदा करून फर्स्ट नेशन्सच्या संस्थांना दरवर्षीच्या चालू खर्चासाठी स्थिर निधीची सोय केली. दोन्ही पावलं उशिराची, पण योग्य दिशेची आहेत.

त्यांचं शिक्षण फुकट असतं असं ऐकतो. खरं का?

कॅनडातल्या मराठी घरांतही हे वाक्य सहज बोललं जातं. ते चुकीचं आहे आणि त्याने मनं दुखावतात.

केंद्र सरकारची उच्च शिक्षण सहाय्य योजना आहे. ती नोंदणीकृत (म्हणजे ‘इंडियन ॲक्ट’खाली नोंद असलेल्या) फर्स्ट नेशन्स विद्यार्थ्यांसाठी आहे आणि पैसे बहुतेक ठिकाणी बँडमार्फत वाटले जातात. बँडला ठराविक रक्कम मिळते. अर्जदार जास्त असले तर यादी लागते आणि काहींना पुढच्या वर्षापर्यंत थांबा असं सांगावं लागतं. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून पुढे सुमारे वीस वर्षं या निधीच्या वाढीवर वर्षाला 2 टक्क्यांची मर्यादा होती. याच काळात तरुणांची संख्या भराभर वाढत होती, विद्यापीठांची फीही वाढत होती. फळ काय, तर बारावी झालेली, प्रवेश मिळालेली मुलं गावात बसून राहिली. मेटी आणि नोंदणी नसलेले विद्यार्थी या योजनेत बसतच नव्हते. मेटी आणि इन्युइट समाजांसाठी स्वतंत्र निधी 2019 च्या अर्थसंकल्पात आला.

यात आणखी एक गुंता आहे. फर्स्ट नेशन्सचे विषय केंद्राकडे आणि कॉलेजं प्रांताकडे. त्यामुळे समाजाच्या संस्थेने केंद्राकडे हात पसरला की उत्तर मिळायचं, कॉलेज हा प्रांताचा विषय. प्रांताकडे गेलं की उत्तर मिळायचं, फर्स्ट नेशन्स हा केंद्राचा विषय. या हेलपाट्यांत कित्येक वर्षं गेली. विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळणं आणि संस्थेला दिवे-पाणी-पगाराचे पैसे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्या.

वर्गात प्रत्यक्षात काय वेगळं दिसतं?

ज्येष्ठ माणसं दिसतात. त्यांना तिथे एल्डर म्हणतात आणि समारंभापुरतं बोलावून शाल द्यावी असं त्यांचं स्थान नाही. ते आवारात असतात, विद्यार्थी त्यांच्याशी बोलतात, रडतात, सल्ला घेतात. काही विषय ते स्वतः शिकवतात.

तुकडी सहसा लहान असते आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र राहते. एक जण मागे पडला तर बाकीचे त्याच्या घरी जातात. गावात कोणी गेलं तर वर्ग थांबतो, कारण त्या गावात प्रत्येक मृत्यू प्रत्येकाच्या घरातला असतो. शहरातल्या कॉलेजात मामाच्या अंत्यविधीसाठी आठवडाभराची गैरहजेरी समजावून सांगताना विद्यार्थी मेटाकुटीला येतात. इथे ती समजावून सांगावीच लागत नाही.

आणि जमीन हीसुद्धा वर्गखोली असते. मासे कापायच्या तळावर जीवशास्त्र, जंगलात औषधी वनस्पती, नदीकाठी जुनी गावं आणि हक्कांचा इतिहास.

यामुळे तरुण गावातच अडकून पडत नाहीत का?

प्रश्न प्रामाणिक आहे, आणि काही मूलनिवासी पालकही तो विचारतात. वाटा बंद होऊ नयेत म्हणून शिक्षण पायऱ्यांनी रचलेलं असतं. 1974 मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सुरू झालेला मूलनिवासी शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम याचा जुना नमुना आहे: सुरुवातीची वर्षं आपल्या भागातल्या केंद्रात, मग पुढचा अभ्यास व्हँकुव्हरच्या आवारात. विद्यार्थी शहरात येतो तेव्हा त्याला विद्यापीठाची रीत ठाऊक झालेली असते आणि सोबत ओळखीची माणसं असतात. त्या कार्यक्रमातून शिकलेले शिक्षक आज प्रांतभर आहेत.

अडचणी कोणत्या? सगळं छान आहे असं वाटत नाही.

नाहीच. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे निधीची मुदत. एका तुकडीपुरते पैसे येतात, तुकडी पूर्ण होते आणि अभ्यासक्रम संपतो. नुनावुट या उत्तरेकडच्या इन्युइटबहुल प्रदेशात 2001 मध्ये इकालुइट इथे व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या सहकार्याने कायद्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. 2005 मध्ये त्यातून 11 जणांनी पदवी घेतली, आणि नुकत्याच जन्मलेल्या त्या प्रदेशासाठी ही फार मोठी गोष्ट होती. पण पुढची तुकडी सुरू व्हायला 2017 साल उजाडलं, तेही दुसऱ्या विद्यापीठाबरोबर. मधल्या काळात ज्यांना वकील व्हायचं होतं त्यांनी काय करायचं?

दुसरी अडचण माणसांची. चांगला शिक्षक दुर्गम गावात टिकत नाही, कारण त्याला कायमची नेमणूक देता येत नाही. लहान गावात पाच जणांना पाच वेगवेगळे विषय हवे असतात आणि वर्ग एकाच विषयाचा निघतो. प्रयोगशाळा नसते. इंटरनेट अनेक ठिकाणी अजून रडतखडत चालतं, त्यामुळे ‘सगळं ऑनलाइन करा’ हा उपाय शहरातून वाटतो तितका सोपा नाही.

तिसरी अडचण मोजमापाची. किती जणांनी दोन वर्षांत पदविका पूर्ण केली, एवढंच सरकार विचारतं. एखादी बाई पहिल्या वर्षी थांबते, आईचं आजारपण काढते, तीन वर्षांनी परत येते आणि पूर्ण करते. कागदावर तिची नोंद आधी गळती म्हणून झालेली असते. पन्नाशीतल्या माणसाने वाचायला शिकून नातवाला गोष्ट वाचून दाखवली, याला रकानाच नसतो. हे मोजमाप बदलल्याशिवाय निधीचे निकषही बदलणार नाहीत.

बाहेरच्या माणसाला, म्हणजे आमच्यासारख्या स्थलांतरितांना, तिथे शिकता किंवा शिकवता येतं का?

येतं. निकोला व्हॅलीसारख्या संस्थांत इतर समाजांचे विद्यार्थीही घेतात. शिक्षक, लेखापाल, परिचारिका अशा जागांसाठी बाहेरचे उमेदवारही लागतात.

जायचं ठरवलं तर आधी ऐकायची तयारी ठेवा. तुम्ही कोणाच्या प्रदेशात आहात, तिथले लोक स्वतःला काय म्हणवतात, हे पोहोचण्यापूर्वी शिकून घ्या. संशोधन करणार असाल तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी पुरेशी नाही, त्या मूलनिवासी राष्ट्राची परवानगीही लागते. गोळा केलेली माहिती कोणाची, तिच्यावर ताबा कोणाचा, ती कोण पाहू शकतं आणि ती कुठे ठेवली जाते, याबद्दल फर्स्ट नेशन्सची स्वतःची तत्त्वं आहेत आणि ती पाळावी लागतात. ‘आम्हीही वसाहतवाद भोगलाय’ हे पहिल्याच भेटीत सांगायची घाई करू नका. ते खरं असलं तरी आपण त्यांच्या जमिनीवर नवे रहिवासी म्हणून आलो आहोत, हेही तितकंच खरं आहे.

महाराष्ट्रातल्या आदिवासी शिक्षणाशी तुलना करता येईल का?

जपून. आपल्याकडच्या आश्रमशाळांना कॅनडातल्या निवासी शाळांच्या पंगतीत बसवणं योग्य नाही, हेतू आणि इतिहास दोन्ही वेगळे आहेत. पण मूल घरापासून दूर, त्याच्या भाषेपासून दूर शिकतं तेव्हा काय तुटतं, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

उच्च शिक्षणात भारताचा भर आहे त्या संस्थांमध्ये राखीव जागा देण्यावर राहिला. कॅनडातल्या मूलनिवासींनी त्याबरोबरच स्वतःच्या संस्था मागितल्या. मला दोन्ही हवं वाटतं. 2011 मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं, ही मोठी गोष्ट. त्याने गावात जाऊन पदवीचे वर्ग घेण्याचा प्रयोगही केला आहे. 2009 मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा बांबू, तेंदूपत्ता यांचे व्यवहार स्वतः करू लागल्या. तिथे लिलाव, करार, हिशेब आणि जंगलाचं नियोजन जाणणारी गावातलीच माणसं हवी आहेत. निस्गांना 2000 मध्ये नेमकी हीच गरज होती. तिथल्या अभ्यासक्रमांची नक्कल करून उपयोग नाही, पण ग्रामसभेने स्वतः आपल्याला कोणती माणसं लागतील याची यादी करून विद्यापीठापुढे ठेवावी, ही रीत उचलण्यासारखी आहे.

आमची मुलं ब्रिटिश कोलंबियात शाळेत आहेत. त्यांना यातलं काही शिकवतात का?

हो. 2023-24 पासून तिथे बारावी उत्तीर्ण होण्यासाठी मूलनिवासी विषयांवरचे 4 क्रेडिट सक्तीचे आहेत. इंग्रजीचा पेपरसुद्धा मूलनिवासी लेखकांच्या साहित्यावर आधारलेला निवडता येतो, किंवा प्रांतातल्या फर्स्ट नेशन्सच्या इतिहासाचा विषय घेता येतो. कोणता घ्यायचा हे मुलांसोबत बसून ठरवा, ‘सोपा कोणता’ एवढंच पाहू नका. 30 सप्टेंबरच्या निमित्ताने मुलं शाळेत नारिंगी शर्ट घालून जातात, तो निवासी शाळांतल्या मुलांच्या स्मरणाचा दिवस आहे. 2021 पासून त्याला राष्ट्रीय दिवसाचा दर्जा आहे. शर्ट विकत घेणार असाल तर मूलनिवासी कलाकाराने काढलेलं चित्र असलेला घ्या. त्याच्या विक्रीतून कोणाला पैसे मिळतात हे दुकानदाराला विचारायला संकोचू नका.